मॅडमच्या गळ्याखालची गाठ

गुरुवारी सकाळी सहा वाजता मॅडमच्या गळ्याखाली, छातीच्या किंचित उजव्या बाजूला, माझ्या बोटांना एक गाठ लागली. लिंबाएवढी, टणक, आत ओली वाळू भरल्यासारखी. मॅडम म्हणजे आमची कोंबडी. वय चार महिने. अंड्याचा अजून पत्ता नव्हता. एक पाय उचलायचा, थांबायचं, मान वाकडी करून कोणाकडे तरी संशयाने बघायचं, मग दुसरा पाय टेकायचा, अशी तिची चाल होती. परीक्षेच्या हॉलमधून पर्यवेक्षिका फिरतात तशी. म्हणून मॅडम. त्या दिवशी मात्र ती कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती आणि समोरच्या दाण्यांकडे ढुंकूनही बघत नव्हती.

मी तेव्हा नुकतीच विज्ञानाची पदवीधर झाले होते. निकाल लागला होता, नोकरी लागायची होती, आणि मधल्या काळात हिचा घरात उपयोग काय, हा प्रश्न तोंडाने कोणीच विचारत नव्हतं. डोळ्यांनी सगळेच विचारत होते. प्राणिशास्त्रात मला चौऱ्याहत्तर गुण होते. त्यात कोंबडीच्या पचनसंस्थेचा वाटा फार तर चार गुणांचा असेल, पण ते चारही मी मिळवले होते. आकृती काढून, भागांना नावं देऊन.

"ही अन्नपिशवी," मी आईला सांगितलं. "पक्ष्यांना दात नसतात ना, म्हणून गिळलेलं आधी या पिशवीत साठतं, भिजतं आणि मग हळूहळू पुढे सरकतं. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी काही खायच्या आधीच ती भरलेली लागली, म्हणजे ती तुंबली."

"मग मोकळी कर," आई म्हणाली. मोरी तुंबल्यावरही ती याच स्वरात हेच म्हणायची.

बाबा तेव्हा घरात नव्हते. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पहिल्या पाळीला होते. सव्वापाचला सायकल काढून निघून जायचे आणि दुपारी दोनला परत यायचे. रविवारी सुट्टी. कोंबडीला त्यांनी पहिल्या दिवसापासून विरोध नोंदवलेला होता. तिला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "तुझी ती" एवढाच तिचा उल्लेख व्हायचा. "तुझी ती माझ्या सायकलच्या सीटवर बसते." "तुझ्या तिने माझ्या बुटात काय केलंय बघ."

उपचारांची पहिली बैठक कुंपणाशी भरली. कुंपणाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला शिंपीकाका. त्यांच्या दुकानाचं मागचं दार आमच्या अंगणाकडे उघडायचं आणि त्यातून चिंध्या, दोरे, कधीमधी एखादं बटण आमच्याकडे उडत यायचं. माझा संशय तिथेच गेला.

"काका, हिने तुमचा दोरा गिळला असणार."

"गिळला असेल," काका शांतपणे म्हणाले. "पण माझा दोरा असेल तर तो आत तुटणार नाही, एवढं मी लिहून देतो."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, मी मॅडमला धरलं आणि त्यांनी तिचं माप घेतलं. घेतलं ते घेतलं, वर दुकानाच्या वहीत लिहिलंही. एका सफारी सूट आणि एका शाळेच्या गणवेशाच्या मधे. "कोंबडी, शेजारची. छाती साडेनऊ." पेन्सिल कानामागे ठेवत त्यांनी सवयीने विचारलं, "वाढायला जागा ठेवू का?"

"काका, वाढायला नकोय! कमी व्हायला हवंय."

"असं कसं? वयात आलेली पोर आहे." मग त्यांनी गाठ दाबून पाहिली. "सरळ उलटी धर, पायांनी, आणि झटका दे. पिशवी रिकामी करायची म्हणजे उलटीच करावी लागते."

"अगं, खबरदार!" रस्त्यापलीकडून आवाज आला. या सिस्टर. सख्ख्या नात्यातल्या नव्हेत. इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होत्या, म्हणून गल्लीच्या सिस्टर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत गल्लीत कोणी पुरेसं आजारी पडलं नव्हतं, याची त्यांना मनातून चुटपुट असावी. चपला न घालताच त्या रस्ता ओलांडून आल्या. "उलटी धरलीस तर घशात आलेलं श्वासनलिकेत जाईल. जागच्या जागी मरेल. मास्तर, तुम्ही उसवायचं-शिवायचं बघा. पेशंट माझा."

शिंपीकाका दुखावले. "मी फक्त सुचवलं," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

सिस्टरांनी हुकूम सोडले. दाणापाणी बंद. म्हणजे पाणी चालू, दाणा बंद. ड्रॉपरने थोडं थोडं तेल. दिवसातून तीनदा हलक्या बोटांनी मालिश. दुपारी आणि संध्याकाळी दोन-दोन चमचे पातळ दही, बाकी काही नाही. "आणि चार्ट ठेव," त्या म्हणाल्या. "चार्ट नसेल तर ते आजारपण नव्हे, नुसता गोंधळ असतो."

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. पदवी मिळाल्यापासून माझ्याशी माझ्या भाषेत बोललेली ती पहिली व्यक्ती.

त्याच दिवशी मी चौकटीचा कागद आणला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर गाठीची रुंदी, सेंटिमीटरमध्ये. मोजमाप रोज सकाळी ठीक सहाला, खुराडं उघडल्याबरोबर. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. दुपारी बाबा पाणी प्यायला आले, चार्टासमोर उभे राहिले, आहाराचा रकाना वाचला.

"उपाशी ठेवताय?"

"उपचार आहे, बाबा. पिशवी रिकामी होईपर्यंत दाणा द्यायचा नाही. कोणीही द्यायचा नाही."

"हं," बाबा म्हणाले आणि भांडं पालथं घालून गेले.

बाबांच्या "हं"चे निदान सहा अर्थ होते आणि आईला ते सगळे कळायचे. मला विज्ञान कळायचं.

गुरुवारी गाठ पाच पूर्णांक एक दशांश. शुक्रवारी पाच. शनिवारी चार पूर्णांक सहा, आणि हाताला मऊ. त्याच संध्याकाळी मॅडमच्या विष्ठेत वीतभर निळा दोरा सापडला. काकांचं म्हणणं खरं होतं, तुटलेला नव्हता. रविवारी सकाळी मी खुराडं उघडलं, बोटं लावली, आणि बोटांना काहीच लागलं नाही. शून्य! पिसं, त्याखाली कातडी, बस्स. मी नाचत घरात गेले. बाबा अंथरुणात होते. त्यांनी एक डोळा उघडून "बरी झाली का तुझी ती?" असं विचारलं आणि कूस बदलली. दुपारी सिस्टरांनी येऊन तपासलं आणि "आणखी दोन दिवस हाच आहार, मग डिस्चार्ज," असं जाहीर केलं.

सोमवारी सकाळी सहाला गाठ परत हजर. चार पूर्णांक आठ.

आता माझ्या हातून जे झालं ते मी इतक्या वर्षांनीही कोणाला सांगत नाही, इथे लिहिते आहे. खरा शास्त्रज्ञ अशा वेळी थांबतो आणि विचार करतो. मी तांबडी पेन्सिल घेतली. रविवारी मी झोपेत होते, बोटं चुकीच्या जागी लागली असणार, एका रात्रीत गाठ जाते काय आणि येते काय, असा विचार करून मी रविवारच्या शून्यावर काट मारली आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं, "मापनातील त्रुटी."

मंगळवार, बुधवार, गुरुवार, गाठ जागेवर. कधी चार पूर्णांक सात, कधी चार पूर्णांक नऊ. गंमत म्हणजे मॅडम स्वतः ठणठणीत दिसत होती. पिसांना चकाकी, डोळ्यांत पूर्वीचा संशय, दोन-दोन चमचे दह्यावर जगणाऱ्या पेशंटचं वजन वाढलेलं. "सूज असेल," सिस्टर म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज पडला होता. बत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा पेशंट इतका बरा दिसत इतका आजारी राहिला नव्हता. गुरुवारी त्यांनी मान्य केलं की आता जनावरांच्या दवाखान्यात न्यायला हवं.

शुक्रवारी मी मॅडमला पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून, दवाखान्यात नेलं. नोंदणीच्या खिडकीत एक कारकून होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"किती आहेत?"

"एक."

"कोंबड्यांची नोंद शंभराच्या पटीत होते. शंभराखाली कोंबडी धरत नाहीत."

"मग एकटी आजारी पडली तर?"

"पडत असेल," ते म्हणाले. "आमच्याकडे नोंद नाही."

पाऊण तास उभं राहिल्यावर त्यांना माझी दया आली आणि त्यांनी मोठ्या जनावरांचा फॉर्म काढला. तो आम्ही दोघांनी मिळून प्रामाणिकपणे भरला. शिंगे: नाहीत. शेपटीचा गोंडा: नाही. दूध, सकाळ: नाही. दूध, संध्याकाळ: नाही. कामाचे स्वरूप, ओढकाम की दुभते: इथे ते थबकले. "करते काय ही?"

"फिरते. बघते."

"देखरेख," त्यांनी लिहिलं.

डॉक्टर शनिवारी भेटले. तरुण होते, थकलेले होते, आणि चार्टावरचे आकडे मी ज्या वहीत उतरवून नेले होते ती त्यांनी मॅडमपेक्षा जास्त वेळ पाहिली. "इतक्या व्यवस्थित नोंदी आजवर एकाही मालकाने आणल्या नाहीत," ते म्हणाले. मी फुलले. "रोज सकाळी, काही खाण्याआधी, भरलेलीच? नक्की?"

"नक्की. रविवारचा एक आकडा चुकलाय, तो मी काढून टाकलाय."

"म्हणजे सुस्त पडलेली दिसते पिशवी. आठवडा झाला, मालिशने काही होत नाही... उघडून साफ करावी लागेल. छोटा छेद. लहान पक्षी आहे, भूल सोसेल असं छातीठोक सांगत नाही. पण असंच ठेवलं तर आत सडेल." सोमवारी दहाची वेळ मिळाली. सोबत एक संमतिपत्र. त्यावर मालकाची सही हवी, आणि मालक म्हणजे ज्याच्या नावे घर आहे तो. म्हणजे बाबा.

बाबांनी ते संमतिपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. मग चष्मा काढून एकदा.

"कापणार म्हणजे... गळा?"

"गळा नाही, बाबा. गळ्याखाली. छोटा छेद."

"भूक तर चांगली आहे की तिला."

"तुम्हाला काय माहीत?"

"दिसतं ना," असं म्हणून बाबांनी कागदाची घडी केली. "उद्या करतो सही."

दुसऱ्या दिवशी रविवार. सहाला मी खुराडं उघडलं, आणि बोटांना काहीच लागलं नाही.

यावेळी मी पूर्ण जागी होते. पाच वेळा पाहिलं. आईला बोलावून पाहायला लावलं. "सपाट आहे," आई म्हणाली. मी आत येऊन चार्टासमोर बसले. अकरा दिवसांचे ठिपके, त्यात दोन खड्डे, आणि दोन्हींमध्ये बरोबर सात दिवसांचं अंतर. त्रुटी एकदा होते. दर रविवारी सकाळी सहाला होते तिला त्रुटी म्हणत नाहीत. काट मारलेलं शून्य माझ्याकडे बघत होतं. कॉलेजातले आमचे सगळे सर एका रांगेत उभे राहून बघावेत तसं.

रविवारी असं काय होतं, जे इतर दिवशी होत नाही? मी यादी केली. एक ठळक उत्तर होतं: रविवारी शिलाई मशीन बंद असतं. सततच्या आवाजाने ताण येतो, ताणाने पचन मंदावतं. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. मी तडक कुंपणाशी गेले.

"काका, मॅडमचा आजार तुमच्या मशीनमुळे आहे."

शिंपीकाका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "आधी माझा दोरा. आता माझं मशीन. उद्या म्हणशील माझं तोंड बघून तिला जेवण जात नाही." ते उठले. "तिला कापतायत कळल्यावर रात्री मी रेशमी धागा काढून ठेवला होता. म्हटलं, कापेल डॉक्टर, शिवायचं तरी आपण बघू, वण दिसणार नाही. पण जाऊ दे." आणि गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच त्यांनी मागचं दार लावून घेतलं. मशीन ते सकाळी नऊला सुरू करतात आणि माझं मोजमाप सहाचं असतं, हे दार लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी बाबांनी सही केली. दाबून, कागदाला भोक पडेल इतकं दाबून.

यादीत एकच गोष्ट उरली होती: जे काही होतं ते सहाच्या आधी होतं. म्हणून सोमवारी पावणेपाचला उठून मी न्हाणीघराच्या खिडकीशी उभी राहिले. पाच वाजून पाच मिनिटांनी मागचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. गणवेश, हातात चप्पल, आवाज होऊ नये म्हणून. ते खुराड्यासमोर उकिडवे बसले. खिळीचा लाकडी तुकडा त्यांनी इतक्या सराईतपणे सरकवला की मला स्वतःला तेवढं जमत नव्हतं. मॅडम धावत बाहेर आली. मग बाबांनी डबा उघडला, पाव काढला, वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि तुकडे करत तिच्यापुढे ठेवू लागले.

"खाऊन घे," ते हळू आवाजात म्हणत होते. "आज नीट खाऊन घे. तिथे काही देत नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर घोटभर पाणी दिलं नव्हतं. शुद्धीवर आलो तर पहिला विचार भुकेचा." मॅडम खात होती. "घाबरायचं नाही. आपली पोरगी हुशार आहे. ती चुकत नाही."

मी खिडकीचा गज धरून उभी होते. दोरा पडल्यापासून आठवडाभर मी एक निरोगी कोंबडी मोजत होते. तिने नुकताच पोटभर नाश्ता केलेला असायचा आणि त्या नाश्त्याची मी रुंदी काढत होते, आलेख काढत होते, डॉक्टरांची शाबासकी घेत होते. आणि आता तीच वही घेऊन तिला कापायला नेणार होते.

"बाबा."

ते दचकले. पावाचा तुकडा त्यांनी झटकन खिशात घातला. पंचावन्न वर्षांच्या माणसाने.

"रोज देता?"

"रोज नाही. रविवारी नाही." मग वाटीतलं पाणी ओतून देत, "तू उपचार करत होतीस. मी मधे पडलो नाही. पण मी डबा घेऊन निघतो आणि ती जाळीतून बघते. घरातून कोणी उपाशी बघत असताना ड्युटीवर कसं जायचं?"

मी त्यांना सगळं समजावलं. सकाळी रिकामी पिशवी म्हणजे बरी कोंबडी, भरलेली म्हणजे आजारी. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यामुळे कापणार होते तिला?"

"नाही, माझ्यामुळे," मी म्हणाले.

दहा वाजता मी दवाखान्याच्या खिडकीत ऑपरेशन रद्द करायला उभी होते. कारकुनांनी फॉर्म काढला. "कारण? मृत्यू, चोरी की विक्री?"

"ती बरी आहे."

"तसा रकाना नाही."

"पण ती मेली नाही, चोरीला गेली नाही, विकली नाही!"

"मग तिला काय झालंय?"

"काही झालेलं नाही."

त्यांनी खूप विचार केला आणि "बदली" असं लिहून शिक्का मारला. डॉक्टरांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. फक्त म्हणाले, "दोन दिवस पहाटेचं खाणं पूर्ण बंद ठेवा. दोन्ही सकाळी रिकामी मिळाली तर आजार नाही. पण एकदा जरी भरलेली मिळाली, तर मी पुढची तारीख देईन."

बाबांनी शब्द दिला. मंगळवारी सकाळी गाठ नव्हती. मी श्वास सोडला, पण अर्धाच. दुपारी आईने बाबांचा डबा घासायला घ्यावा म्हणून हुडकला तर तो फडताळातच होता, भरलेला.

"नेला नाही?"

"विसरलो," बाबा म्हणाले.

बुधवारी सकाळी सहाला मी खुराडं उघडलं आणि बोटं लावली. पिसं, कातडी, आणि खाली काही नाही. मॅडमने माझ्याकडे वाकड्या मानेने पाहिलं आणि अंगठ्याला टोच मारली. मी आत धावले, बाबांचा डबा फडताळात दिसला तो उघडला, त्यातला सगळा पाव भिजवून तिच्यापुढे ठेवला. मग होते त्या अवतारात पंपघराकडे पळत सुटले.

पंपघरात मी त्याआधी कधी गेले नव्हते. मोठं, ओलसर, जमिनीपासून थरथरणारं. बाबा एका भल्यामोठ्या चाकाशी उभे होते आणि मला पाहून त्यांनी चाक सोडलं.

"काय झालं?"

"रिकामी!" आवाजावर आवाज काढत मी ओरडले. "दोन्ही दिवस रिकामी! तिला काही झालेलं नाही!"

बाबांनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. मग बाकावर बसले आणि टोपीने तोंड पुसलं. "खायला दिलंस तिला?"

"दिलं. डब्यातला सगळा पाव दिला. एक तुकडा ठेवला नाही."

"छान," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "आणि मला काय आणलंस?"

दोन दिवस मॅडमबरोबर उपाशी ड्युटी करणारा माणूस माझ्या कुठल्याच चार्टात नव्हता. बाबा हसायला लागले. ते असं पोट धरून हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही फार वेळा नाही. हसता हसता त्यांनी मला बाकावर शेजारी जागा करून दिली आणि पंपाच्या आवाजात माझ्या कानाशी वाकून विचारलं, "तो सगळा पाव तरी तिने संपवला का गं?"